जवळचा डस्टबिन कुठाय? मॅप, स्मार्ट डबे आणि सेन्सरबद्दल लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

डस्टबिन शोधायला पण आता अ‍ॅप लागणार का?

रोजच्या रस्त्यावर नाही लागणार, तिथे डबा कुठे आहे ते पायांना पाठ असतं. लागतं ते अनोळखी जागी. नवीन शहरात उतरलाय, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गळका कप, आणि नजर पोचेल तिथपर्यंत एक डबा नाही. किंवा सोबत लहान मूल आहे आणि हातात वापरलेला डायपर, अशा वेळी कोणी "दोन मिनिटांवर, डावीकडच्या गल्लीत" एवढं सांगितलं तरी जीव भांड्यात पडतो. त्यासाठी वेगळं अ‍ॅपच हवं असं काही नाही, मॅपवरचा एक लेयर, खांबावर चिकटवलेला क्यूआर कोड, नाहीतर एक साधं वेबपेज जे लोकेशन घेतं आणि बाण दाखवतं, इतकं पुरतं. लोक "अ‍ॅप कुठलं?" हे आधी विचारतात आणि "त्यातली माहिती कोणी भरली, कधी भरली?" हे जवळपास कोणीच विचारत नाही, खरी गोम तिथे आहे. मी फावल्या वेळात मॅपवर डबे टाकत फिरते त्यामुळे खालची बरीच उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतील, आधीच सांगून ठेवते.

गुगल मॅपवर सर्च केलं की मिळत नाही का?

करून बघा. बऱ्याचदा डबे विकणारी दुकानं येतात नाहीतर कचरा उचलणाऱ्या एखाद्या कंपनीचं ऑफिस. त्या मॅपचा सगळा भर दुकानं, हॉटेलं, ऑफिसं अशा ठिकाणांवर आहे, ज्यांना नाव असतं, फोन नंबर असतं, उघडण्या-बंद होण्याची वेळ असते. फुटपाथवरच्या डब्याला यातलं काहीच नसतं. रिव्ह्यू लिहिण्यासारखं मात्र बरंच असतं म्हणा.

मग डब्यांची माहिती येते कुठून?

मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक म्हणजे ज्या यंत्रणेने डबे बसवले ती स्वतःच यादी ओपन डेटा म्हणून देते. न्यूयॉर्क, व्हिएन्ना अशा शहरांनी अशा याद्या खुल्या केल्यात, कोणीही डाउनलोड करून वापरू शकतं. या याद्यांची चांगली बाजू ही की त्या एका झटक्यात सगळं शहर व्यापतात, आणि वाईट बाजू ही की यादी "आम्ही डबा बसवला" हे सांगते, "डबा आज तिथे आहे" हे सांगत नाही. दोन्हींत फरक किती पडतो ते पुढे येईलच.

दुसरी जागा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप, २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला, लोकांनी हाताने भरलेला जगाचा मॅप. यात डब्यासाठी रीतसर टॅग आहे, आणि गंमत म्हणजे तीन वेगवेगळे. रस्त्यावरचा छोटा, चालता चालता रॅपर टाकायचा डबा म्हणजे 'वेस्ट बास्केट'. घरांचा किंवा दुकानांचा कचरा जमा होतो ती मोठी कचराकुंडी म्हणजे 'वेस्ट डिस्पोजल'. आणि काच, कागद, प्लॅस्टिक वेगळं घेणारी जागा म्हणजे 'रिसायकलिंग'. नवखे लोक तिन्ही एकात कालवतात, मग पादचाऱ्याला हातातला टिश्यू टाकायला थेट सोसायटीच्या कुलूपबंद कंटेनरपाशी नेऊन उभं केलं जातं. तुम्ही स्वतः काही बनवत असाल तर हे तीन टॅग वेगळे ठेवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

बाकी कितीही चकाचक अ‍ॅप असू दे, माहिती याच दोन विहिरींमधून येते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार.

मॅपवर डबा दिसतोय पण तिथे गेलो तर काहीच नाही, असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त चिडून विचारलेला. डबे हलतात. रस्ता खोदला की बाजूला ठेवतात आणि मग तिथेच राहतात, कोणीतरी गाडी लावायला सरकवतो, खालून गंजून पडतो, जळतो, चोरीला जातो, कधी कधी आजूबाजूचे लोकच वास येतो म्हणून काढायला लावतात. आणि कधी धोरणच बदलतं. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर फेब्रुवारी १९९१ मध्ये कचऱ्याच्या डब्यात ठेवलेला बॉम्ब फुटला, त्यानंतर तिथल्या स्टेशनांवरून डबे काढून टाकले. टोकियोत मार्च १९९५ च्या सारिन हल्ल्यानंतर सार्वजनिक जागांमधले डबे मोठ्या प्रमाणावर गेले, आजही तिथे फिरणाऱ्याला डबा शोधत बसावं लागतं. म्हणजे "डबा कुठे आहे" या माहितीला शिळं व्हायला फार वेळ लागत नाही.

यावर तंत्रज्ञानाचा मोठा तोडगा नाही, छोटा आहे, तो म्हणजे तारीख. ओपनस्ट्रीटमॅपवर 'चेक डेट' नावाची नोंद करता येते, म्हणजे कोणीतरी अमुक दिवशी प्रत्यक्ष जाऊन बघितलं. चांगलं अ‍ॅप ही तारीख लपवत नाही, "शेवटचं पाहिलं: गेल्या महिन्यात" असं पिनखाली लिहितं, आणि फार जुन्या नोंदी फिकट रंगात दाखवतं. माझं मत विचाराल तर नसलेला डबा मॅपवर असणं हे असलेला डबा मॅपवर नसण्यापेक्षा वाईट. दुसऱ्या केसमध्ये माणूस आपला आपण शोधतो, पहिल्या केसमध्ये तो विश्वास ठेवून चालत जातो, तिथे काहीच दिसत नाही, मग वैतागून तिथेच भिंतीच्या कडेला टाकून देतो आणि अ‍ॅप डिलीट करतो.

"सगळ्यात जवळचा" म्हणजे नक्की किती जवळचा?

इथे बरीच अ‍ॅप्स फसवतात, मुद्दाम नाही, आळसाने. दोन बिंदूंमधलं सरळ रेषेतलं अंतर काढणं सोपं आहे, एका सूत्राचं काम. पण माणूस सरळ रेषेत चालत नाही. मधे सहा लेनचा रस्ता असतो, रेल्वेचे रूळ असतात, कुंपण असतं, किंवा डबा पुलावर आणि तुम्ही पुलाखाली. स्क्रीनवर ४० मीटर आणि पायाखाली दहा मिनिटं. आणि उलटही होतं, अ‍ॅप लांबच्या डब्याकडे पाठवतं कारण मागच्या वळणावरचा डबा कोणी मॅपवर टाकलेलाच नाही, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

चालायचं अंतर काढायला पायवाटांचा मॅप आणि राउटिंग इंजिन, म्हणजे त्या मॅपवरून वाट काढणारं सॉफ्टवेअर, लागतं. तेवढी सोय नसेल तर एक जुगाड चांगला चालतो, एकच "सर्वात जवळचा" न दाखवता तीन-चार डबे मॅपवर दाखवा आणि निवड माणसावर सोडा. समोर रस्ता दिसत असतो त्याला, डोळे असतात, तो बरोबर ठरवतो.

जीपीएस डबा पलीकडच्या फुटपाथवर का दाखवतं?

कारण मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची अचूकता साधारण ४.९ मीटर त्रिज्येची धरतात, आणि उंच इमारतींच्या मधे ती आणखी घसरते, सिग्नल काचांवर आणि भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि फोनला वाटतं आपण दुसरीकडेच आहोत. रस्ताच आठ-दहा मीटरचा असेल तर तेवढ्या चुकीत फुटपाथ बदलतो. २०१८ पासून दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारे फोन यायला लागले (शाओमीचा एमआय ८ पहिला), त्यांनी फरक पडतो पण जादू होत नाही.

म्हणून डबा मॅपवर टाकताना फोनच्या निळ्या ठिपक्यावर डोळे झाकून विसंबू नका. सॅटेलाइट फोटो उघडा, बस स्टॉपचं छप्पर, झेब्रा क्रॉसिंग, कोपऱ्यावरची इमारत असं काहीतरी पक्कं ओळखा आणि त्याच्या हिशोबाने पिन सरकवा. वाक्यात खूण लिहिली तर अजून बरं. "बस स्टॉपच्या मागे, तोंड रस्त्याच्या उलट बाजूला" हे सात-आठ शब्द कुठल्याही जीपीएसपेक्षा अचूक असतात.

यादी मिळाली पण सगळे डबे समुद्रात दिसतायत!

अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, पण जिओजेसन नावाच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी येतो, आणि हा घोळ प्रत्येक जण एकदा तरी घालतो. सगळे डबे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एकाच ठिपक्यावर जमा झाले असतील तर रकाने रिकामे राहिलेत, शून्य-शून्य हा बिंदू तिथेच येतो.

तिसरा प्रकार जास्त छुपा आहे. डबे जमिनीवरच आहेत, शहरही बरोबर, पण जरा झूम केलं की ते चौकटीच्या कागदावर ठेवल्यासारखे सरळ ओळीत दिसतात. कोणीतरी एक्सेलमध्ये आकडे गोल केलेत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, त्यामुळे दशांश चिन्हानंतर तीनच आकडे ठेवले तर ढोबळमानाने ११० मीटरची पायरी पडते, चार ठेवले तर ११ मीटरची, पाच ठेवले तर एक मीटरच्या आसपास. डब्यासाठी पाच हवेत. सहाव्याच्या पुढचे आकडे नुसती शोभा.

नेट नसेल तर काय उपयोग?

उलट तेव्हाच जास्त उपयोग, परक्या ठिकाणी रोमिंग बंद असतं ना. ऑसमअँड, ऑरगॅनिक मॅप्स अशी अ‍ॅप्स ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा आधीच फोनमध्ये उतरवून घेतात. जीपीएसला नेट लागत नाही हे अजूनही बऱ्याच जणांना पटत नाही.

स्मार्ट डब्यात भरलाय की रिकामा ते कसं कळतं?

झाकणाच्या आतल्या बाजूला छोटा सेन्सर असतो, बहुतेक वेळा अल्ट्रासोनिक. तो खाली आवाजाची बारीक टिचकी मारतो, आपल्या कानाला ती ऐकू येत नाही, आणि कचऱ्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तळ एक मीटर खाली असेल तर जाऊन-येऊन जवळपास ६ मिलिसेकंद. वर ३० सेंटीमीटरच जागा उरली असेल तर दोनपेक्षाही कमी. डब्याची उंची आधीच माहीत असते, वजाबाकी केली की टक्के मिळाले, बस. काही डब्यांमध्ये इन्फ्रारेड किंवा लेझर असतो, तत्त्व तेच. बरोबर तापमान मोजणारा सेन्सर असेल तर डब्यात आग लागली तेही कळतं, आणि कलंडलाय का ते कळायला फोनमध्ये असतो तसलाच अ‍ॅक्सिलरोमीटर.

मग हा एवढासा आकडा दूर पाठवायचा. त्यासाठी लोरावॅन किंवा एनबी-आयओटी असली नेटवर्क वापरतात, ज्यांचा वेग हास्यास्पद कमी आहे पण पल्ला लांब आणि वीज अगदी कमी लागते. "डबा क्रमांक इतका, ७२ टक्के, बॅटरी ठीक" एवढंच तर सांगायचंय, त्यासाठी व्हिडिओ कॉलचं नेटवर्क कशाला. दिवसातून काही वेळाच बोलायचं आणि बाकी वेळ झोपायचं, म्हणून बॅटरी वर्षानुवर्षं टिकते.

सोलर पॅनेलवाले डबे दिसतात ते वेगळे, बिगबेलीसारखे. ते नुसतं मोजत नाहीत, आतल्या आत कचरा दाबतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत बरंच जास्त मावतं. कंपनी पाचपटीपर्यंत म्हणते.

सेन्सर खोटं बोलतो का?

बोलतो, आणि अगदी निरागसपणे. कोणीतरी पिझ्झाचा बॉक्स तिरपा कोंबला, तो वरच्या बाजूला अडकला, खाली अख्खा डबा रिकामा पण सेन्सर म्हणतो ९५ टक्के. मोडकी छत्री आडवी अडकली, तेच. उलट्या बाजूने, मऊ कपडे किंवा फेस आवाज शोषून घेतात, परतीचा आवाज येतच नाही आणि डबा "रिकामा" म्हणून हसत बसतो, प्रत्यक्षात झाकण वर उचललं गेलेलं असतं. कधी सेन्सरच्या तोंडाला ओली पिशवी चिकटते. आणि या सेन्सरना अगदी जवळचं दिसत नाही, पहिल्या काही सेंटीमीटरमध्ये ते आंधळे असतात, म्हणजे ओसंडून वाहणारा डबा हीच त्यांची सगळ्यात कच्ची बाजू!

म्हणून एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो. लागोपाठ तीन-चार आकडे बघतात, अचानक २० वरून ९५ झालं तर थोडं थांबतात, सरळ हळूहळू चढलेला आकडा खरा मानतात. शोधणाऱ्या माणसाला तर टक्के दाखवूच नयेत असं मला वाटतं. "जागा आहे", "भरत आलाय", "भरलाय, पुढचा बघा" एवढे तीन रंग पुरे. ६३ टक्के भरलेल्या डब्याचं मी काय करू?

सेन्सर नसलेल्या साध्या डब्यांचं काय?

जगातले बहुतेक डबे साधेच आहेत आणि राहणार, प्रत्येकात सेन्सर बसवायची गरजही नाही. डब्यावर क्यूआर कोड लावला, त्यात डब्याचा नंबर, स्कॅन केलं की एकच प्रश्न, "भरलाय का?" आणि दोन बटणं, इतकं साधं ठेवलं तर लोक दाबतात. लॉगिन मागितलं, ओटीपी मागितला, की संपलं. हातात चिकट कागद असलेला माणूस तुमचा फॉर्म भरणार नाहीये. आणि दुसरी गोष्ट, रोज त्याच वेळी त्याच जागी डबा भरतो हे थोड्या दिवसांच्या नोंदींवरून कळतंच, मग अंदाज बांधता येतो. बागेच्या गेटवरचा डबा रविवारी संध्याकाळी भरलेला असणार हे सांगायला सेन्सर कशाला.

स्मार्ट डबा माझ्यावर पाळत ठेवतो का?

भीती अगदीच हवेतली नाहीये. २०१३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या सिटी भागात हा प्रकार उघडकीला आला. स्क्रीनवर जाहिराती दाखवणारे रिसायकलिंगचे डबे होते, रिन्यू नावाच्या कंपनीचे, त्यातल्या १२ डब्यांमध्ये अशी उपकरणं बसवली होती की जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनचं वाय-फाय चालू असेल तर त्याचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा वेगळा ओळख क्रमांक) टिपला जाई, म्हणजे तोच फोन पुन्हा आला, किती वेगाने गेला, हे कळे. बातमी आल्यावर सिटी ऑफ लंडनने ते बंद करायला लावलं. त्यानंतर फोनवाल्यांनीही सुधारणा केल्या, आता बहुतेक फोन नेटवर्क शोधताना बदलता, खोटा मॅक अ‍ॅड्रेस देतात.

आतमध्ये खाली बघणारा अल्ट्रासोनिक सेन्सर तुमचं काही टिपत नाही, त्याला कचऱ्याची उंची सोडून काही कळत नाही. शंका घ्यायची ती वाय-फाय, ब्लूटूथ, कॅमेरा किंवा जाहिरातीचा स्क्रीन असलेल्या डब्यावर. आणि अ‍ॅपवर. डबा शोधणाऱ्या अ‍ॅपला लोकेशन लागणारच, पण "वापरताना फक्त" एवढीच परवानगी द्या, कायमची नाही. कॉन्टॅक्ट मागत असेल तर तिथल्या तिथे काढून टाका, डस्टबिनला तुमच्या मावशीचा नंबर कशाला हवाय.

कुठला कचरा कुठल्या डब्यात, हे फोनचा कॅमेरा सांगेल का?

थोडंफार. फोटोवरून काच, कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, धातू ओळखणारी मॉडेल्स आहेत, डेमोमध्ये भारी वाटतात. पण ती शिकली कशावर ते बघा. ट्रॅशनेट नावाचा एक गाजलेला फोटोसंच आहे, २०१६ चा, ६ प्रकारांचे मिळून २५२७ फोटो, आणि वस्तू एकेकटी, पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेली. प्रत्यक्षात तुमच्या हातात चुरगळलेला, अर्धा ओला, आतून चंदेरी बाहेरून कागदी असा कप असतो. मॉडेल "कागद" म्हणतं, पण आत प्लॅस्टिकचा थर असलेला कप कागदात घेतात की नाही हे त्या त्या ठिकाणच्या कचरा प्रक्रियेवर ठरतं, वस्तूवर नाही. एका शहरात चालतं, शेजारच्या शहरात नाही. डब्यांचे रंगही जागोजागी वेगळे.

म्हणून कॅमेऱ्यापेक्षा डब्याबद्दलची माहिती भरणं जास्त कामाचं. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक रिसायकलिंगच्या जागेला ती काय घेते ते लिहिता येतं, काच हो, कपडे हो, बॅटरी नाही. बॅटरीवरून आठवलं, पॉवर बँक किंवा फुगलेली मोबाइलची बॅटरी रस्त्यावरच्या डब्यात अजिबात टाकू नका. कचरा दाबणाऱ्या गाडीत लिथियमची बॅटरी चेपली की पेट घेते, आणि दाबणारे स्मार्ट डबे तर स्वतःच चेपतात. अशा वस्तूंसाठी अ‍ॅपने जवळचा डबा न दाखवता बॅटरी घेणारं केंद्रच दाखवायला हवं, भले ते लांब असेल.

रस्त्याच्या फोटोंवरून एआयने आपोआप सगळे डबे शोधले तर?

होतंय ते. मॅपिलरीवर लोक रस्त्याचे फोटो चढवतात (२०२० मध्ये ती फेसबुकने घेतली, त्या कंपनीचं नाव आता मेटा आहे) आणि त्यातून खांब, बाक, कचऱ्याचे डबे आपोआप ओळखले जातात. पण घरासमोर गाडी येण्याच्या दिवशी बाहेर काढून ठेवलेला चाकांचा खाजगी डबाही त्याला डबाच दिसतो, दुसऱ्या दिवशी तो अंगणात परत गेलेला असतो. त्यामुळे एआयचा ठिपका हा "इथे एकदा बघून या" असा इशारा समजायचा, बघून मगच मॅपवर टाकायचं.

दृष्टिहीन माणसाला किंवा व्हीलचेअरवाल्याला याचा काय फायदा?

नीट केलं तर सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच, पण बहुतेक अ‍ॅप्स नीट करत नाहीत. मॅपवर हिरवे ठिपके स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिसत नाहीत. त्याऐवजी यादी द्या, "२५ मीटर, उजवीकडे, तुमच्याच बाजूच्या फुटपाथवर". शेवटच्या पाच मीटरमध्ये जीपीएस हात टेकतं हे वर आलंच, आणि दृष्टिहीन माणसासाठी नेमके तेच पाच मीटर महत्त्वाचे, भलत्या ठिकाणी चाचपडायला लावायचं का त्यांना? तिथे डब्यावर बसवलेला छोटा ब्लूटूथ बीकन (जवळच्या फोनला सतत "मी इथे आहे" असा सिग्नल देणारं उपकरण) उपयोगी पडतो, किंवा नेव्हिलेन्ससारखे रंगीत चौकोनी कोड, जे फोनचा कॅमेरा बऱ्याच लांबून आणि नेमका रोखून न धरताही वाचतो आणि दिशा बोलून सांगतो.

व्हीलचेअरसाठी प्रश्न वेगळे. डब्याचं तोंड किती उंचावर आहे, पायाने दाबायचं पेडल आहे का (असेल तर बसलेल्या माणसाला तो डबा बंदच), पुढे पायरी आहे का. स्मार्ट डब्यांचं जड हँडल तर कित्येक म्हाताऱ्या माणसांनाही ओढवत नाही. हे एकदा बघून लिहून ठेवलं की कायमचं काम होतं, आणि त्याला एक रुपयाचा सेन्सर लागत नाही.

कुत्र्याच्या शीचा किंवा सिगारेटचा वेगळा डबा शोधता येतो का?

येतो, दोन्हीसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर वेगळी नोंद आहे. भरतात मात्र फार थोडे लोक.

याने रस्त्यावरचा कचरा खरंच कमी होतो का?

अ‍ॅपने? सावधपणे सांगते, अ‍ॅप त्याच माणसाला मदत करतं ज्याला आधीच डब्यात टाकायचंय. ज्याला टाकायचंच नाही तो अ‍ॅप उघडणार नाही. पण अंतराचा परिणाम होतो हे मात्र पक्कं आहे. अमेरिकेत वेस्ली शुल्त्झ आणि सहकाऱ्यांनी १३० ठिकाणी ९,७५७ लोकांचं निरीक्षण केलं, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हातातली वस्तू टाकायची वेळ आली तेव्हा सुमारे १७ टक्के वेळा ती डब्याबाहेर गेली, आणि डबा जितका लांब तितकं हे प्रमाण वाढलं.

आणि बिनविजेचा उपाय ऐका. कोपनहेगनमध्ये पेले गुल्डबोर्ग हॅन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फुटपाथवर डब्यापर्यंत जाणारी हिरवी पावलं चिकटवली, लोकांना गोळ्या वाटल्या आणि रॅपर कुठे जातात ते मोजलं, रस्त्यावर पडणारी रॅपर ४६ टक्क्यांनी कमी झाली. ना बॅटरी, ना नेटवर्क. म्हणून मला वाटतं तंत्रज्ञानाचा खरा उपयोग डबा शोधून देण्यापेक्षा डबा कुठे ठेवायला हवा होता ते शोधण्यात आहे. लोकांनी कुठे उभं राहून सर्च केलं आणि त्यांना ३०० मीटरच्या आत काहीच मिळालं नाही, त्या जागांचा (माणसांची ओळख न ठेवता) एक मॅप काढा. त्यावर जिथे गर्दी दिसेल तिथे डबा लावा. ही यादी डबे बसवणाऱ्यांच्या टेबलावर पोचली नाही तर अख्खा खटाटोप अर्धवट आहे.

मला स्वतःला असं पेज बनवायचंय, जमेल का?

थोडं कोडिंग येत असेल तर एका सुट्टीत जमेल. ओव्हरपास टर्बो नावाच्या साइटवरून तुमच्या भागातले सगळे वेस्ट बास्केट जिओजेसनमध्ये उतरवा, लीफलेट लायब्ररीने मॅपवर मांडा, ब्राउझरकडून लोकेशन घ्या, प्रत्येक डब्याचं अंतर काढून जवळचे चार दाखवा. काही हजार डबे असतील तर फोन हे सगळं क्षणात करतो, सर्व्हर-डेटाबेस कशाचीच गरज नाही, मोठमोठे शब्द ऐकून घाबरू नका. दोन गोष्टी पाळा. ओपनस्ट्रीटमॅपचं नाव मॅपवर दिसलंच पाहिजे, लायसन्सची अट आहे. आणि गुगल मॅपवरून बघून डबे ओपनस्ट्रीटमॅपमध्ये उतरवायचे नाहीत, तो डेटा त्यांचा आहे.

पेज हलकं ठेवा, बटणं मोठी ठेवा, एका अंगठ्याने चालली पाहिजेत कारण दुसऱ्या हातात कचरा आहे. हे लिहायला नको खरं तर, पण वापरून बघितलेल्या अ‍ॅप्समुळे लिहावं लागतंय.

कोडिंग येत नाही, तरी डबे जोडायचेत, कसे?

अँड्रॉइडवर स्ट्रीटकंप्लीट घ्या, किंवा एव्हरी डोअर, ते आयफोनवरही चालतं. ब्राउझरमध्येच करायचं असेल तर मॅपकंप्लीटवर डब्यांसाठी वेगळी थीमच आहे. ओपनस्ट्रीटमॅपचं फुकट खातं लागतं. डब्याशेजारी उभं राहून टाका, घरी जाऊन आठवणीने नाही. मॉलच्या आतला, शाळेच्या आवारातला, दुकानदाराने स्वतःच्या दारात ठेवलेला डबा टाकू नका, तो सार्वजनिक नाही. आणि उत्साहाच्या भरात एका दिवसात अख्खा भाग भरायचा, मग ढुंकून बघायचं नाही, असं करण्यापेक्षा रोजच्या वाटेवरचे डबे घ्या, ते येता-जाता आपोआप तपासले जातात.

डबा गायब आहे किंवा चुकीच्या जागी आहे, खातं नाही उघडायचं, तरी कळवता येईल का?

हो. ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर मॅपवर 'नोट' टाकायची सोय आहे, ती त्या भागातल्या स्वयंसेवकांना दिसते. फक्त "डबा नाही" एवढंच लिहू नका, त्यावरून डबा कायमचा गेला की रंगकामासाठी दोन दिवस हलवला ते कळत नाही. कुठल्या तारखेला बघितलं, जमिनीवर नुसते बोल्ट उरलेत की खांब अजून उभा आहे, जवळ रस्त्याचं काम चालू आहे का, आणि आसपास दुसरा डबा दिसला तर तो कुठल्या बाजूला, इतकं लिहा. बोल्ट उरले असतील तर बहुतेक वेळा नवीन डबा येतो त्यामुळे आम्ही पिन लगेच काढत नाही, जागेवर नवी फरशी बसली असेल तर काढतो.